हौसेचा चकवा

मराठी माणूस विनाकारण चालत नाही. तो बाजाराला चालतो, शाळेला चालतो, आषाढात पंढरपूरला चालतो आणि पन्नाशी उलटली की डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चालतो. या सगळ्या चालण्यांना दुसरं टोक असतं. अगदी डॉक्टरी चालण्यालासुद्धा कोपऱ्यावरचं भज्यांचं दुकान हे टोक असतंच. पण सकाळी एका झाडाखालून निघायचं, नऊ किलोमीटर रानातून हिंडायचं आणि दुपारी पुन्हा त्याच झाडाखाली येऊन 'वा!' म्हणायचं, हा प्रकार आपल्याकडचा नव्हे. आपण प्रदक्षिणा घालतो, पण तिथं मधे देव असतो. मधे काहीही नसताना रानात गोल फिरून माणूस पुन्हा मूळ जागी आला, तर त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे : चकवा.

आमची आजी सांगायची, चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो, आणि पहाटे बघतो तर ज्या बाभळीपासून निघाला तीच बाभळ समोर उभी! अशा माणसाला पूर्वी अंगारा लावत. आता याच प्रकाराला 'सर्क्युलर वॉक' म्हणतात आणि त्याची पुस्तकं निघतात.

असलं एक पुस्तक माझ्या हाती आलं ते मेहुण्यांकडून. आमच्या मेहुण्यांनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हापासून त्यांच्या गळ्यात शिट्टी असते आणि पँटला बारा खिसे असतात. "भावोजी, तुमची साखर किती आहे?" असं विचारत ते दिवाळीच्या फराळाला आले, मी आकडा सांगितला, आणि त्यांनी करंजीची ताटली स्वतःकडे ओढून ती पुस्तिका माझ्याकडे सरकवली. पुण्याच्या आसपासच्या एकदिवसीय भटकंत्यांची पुस्तिका होती. लेखकाचं नाव मी इथे देत नाही. माणूस सज्जन असावा, आणि पुढं मी जे लिहिणार आहे त्यातले निम्मे दोष या जातीच्या सगळ्याच पुस्तकांचे आहेत.

मी गेली वीस-बावीस वर्षं पुस्तक-परीक्षणं लिहितो. परीक्षण हा खुर्चीत बसून करायचा धंदा. प्रस्तावना वाचावी, अनुक्रमणिका चाळावी, शेवटचं पान बघावं, मधे कुठंतरी एक मुद्रणदोष शोधून काढावा, आणि 'लेखकाकडून अपेक्षा वाढल्या आहेत' असं म्हणून संपवावं. पायांनी परीक्षण करण्याची पाळी माझ्यावर यापूर्वी कधी आली नव्हती. पण सौभाग्यवतींनी करंज्यांचा डबा कुलपात ठेवला आणि मेहुण्यांनी पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला दाराची कडी वाजवली.

आम्ही निवडलेलं प्रकरण होतं : 'माळ आणि राई : मुळशीची गोल फेरी.' अंतर नऊ किलोमीटर. वेळ अडीच तास. श्रेणी सोपी. 'आबालवृद्धांना करता येण्याजोगी.' यातला मी कोण, हे मेहुण्यांनी सांगितलं नाही.

चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट करत गाडी पौडच्या दिशेनं निघाली, तेव्हा मी मागच्या सीटवर बसून पुस्तिका नीट वाचली. प्रकरण चार पानांचं. त्यात 'निसर्गरम्य' हा शब्द अकरा वेळा. डोंगर निसर्गरम्य, तलाव निसर्गरम्य, गाव निसर्गरम्य, शेवटी जिथं चहा मिळतो ती टपरीही निसर्गरम्य. 'मन मोहून टाकणारे' चार वेळा आणि 'शहरी धकाधकीपासून दूर' तीन वेळा. हे सगळं मी पेन्सिलीनं मोजत असताना सहज बाहेर पाहिलं आणि दचकलो. रस्त्याच्या कडेला मोठी पाटी होती : 'शहरी धकाधकीपासून दूर, निसर्गरम्य परिसरात आपले हक्काचे दुसरे घर.' पुढं दुसरी : 'मन मोहून टाकणाऱ्या जलाशयाकाठी एन. ए. प्लॉट.' पौड येईपर्यंत आमच्या पुस्तिकेतलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी रस्त्यावरच्या पाट्यांवर वाचलं. पाट्यांवर किंमतही होती, एवढाच फरक.

कुणी कुणाचं उचललं हे ठरवणं अवघड आहे. पण टीकाकार म्हणून एक गोष्ट तिथंच नोंदवून ठेवली. वाटेचं वर्णन करणारा आणि वाट विकत घेणारा हे दोघे एकाच शब्दांत बोलायला लागले, तर वाटेनं काही गोष्टी मनाशी ठरवून घ्याव्यात.

मुळशीचं धरण मागं टाकून, पाण्याच्या कडेकडेनं ताम्हिणीच्या दिशेला थोडं गेल्यावर आमचं गाव आलं. गावाचंही नाव सांगत नाही. नाही तर तिथंही पाटी लागायची. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे देवळासमोरच्या पिंपळाखाली गाडी लावली. पारावर एक म्हातारबाबा तंबाखू मळत बसले होते. ते म्हणाले, "कुटं निघालात?"

"वरच्या माळावर. तिथनं राईतून उतरून पाण्याच्या कडेनं परत."

"परत कुटं?"

"परत इथंच."

बाबांनी तंबाखू दाढेला लावली, आमच्या दोघांच्या पायांतल्या नव्या बुटांकडं बघितलं आणि शांतपणे विचारलं, "मग जाताय कशाला? हितंच बसा की."

या प्रश्नाला उत्तर पुस्तिकेत नव्हतं. मेहुण्यांनी 'व्यायाम' असं काहीतरी सांगितलं. बाबांनी समोरच्या खाचराकडं बोट केलं. तिथं भाताची कापणी चालली होती. "व्यायाम हाय की. इळा देऊ?" मावळ-मुळशीच्या आंबेमोहोराची मी घरी बसून पुष्कळ स्तुती केलेली आहे. पण त्याचा हा भाग मला माहीत नव्हता. आम्ही घाईनं चालायला लागलो.

पहिला टप्पा माळाचा. पुस्तिकेत त्याला 'ओसाड, निर्जन माळ' म्हटलं आहे. माझा संशय असा, की हा माळ लेखकानं इंग्रजी पुस्तकांतून चालत आणला. विलायतेत 'हीथ' नावाची जमीन असते. तिथं हेदर नावाची झुडपं, धुकं, आणि कादंबरीतली दुःखी माणसं वाऱ्यात केस उडवत उभी असतात. आपल्याकडं सह्याद्रीच्या माथ्यावरचा माळ ही निराळी चीज आहे. लोक त्याला सडा म्हणतात. मातीचा थर टीचभर, खाली खडक. पावसाळ्यात हा सडा पाणथळ होतो आणि भाद्रपदात सोनकीनं पिवळा होतो. उन्हाळ्यात त्याचा तवा होतो. आम्ही गेलो तेव्हा गवत माना टाकून वाळलं होतं, आणि कुसळं आमची वाट बघत होती.

कुसळाबद्दल पुस्तिकेत एक अक्षर नाही. हा मी गंभीर दोष मानतो. ज्या लेखकाच्या मोज्यांत एकदा कुसळ शिरलं, तो माणूस 'मऊशार गवताचा गालिचा' असं आयुष्यात लिहिणार नाही. या लेखकानं लिहिलं आहे. म्हणजे एकतर तो इथं पावसाळ्यात आला असावा किंवा आलाच नसावा. अल्फ्रेड वेनराईट नावाच्या एका इंग्रज गृहस्थांनी १९५५ ते १९६६ या काळात आपल्या भागातल्या डोंगरांची सात पुस्तकं लिहिली. स्वतःच्या हातानं अक्षरं काढली, नकाशे काढले. कुठं दगडी गडगा आहे, कुठं चिखलात बूट जाईल, हे त्यात नोंदलेलं असतं. वाटाड्या-पुस्तकाला लागतो तो असा प्रामाणिकपणा. विशेषणांना कुसळं टोचत नाहीत, पायांना टोचतात.

आणि 'निर्जन' म्हणाल, तर पहिल्या अर्ध्या तासात आम्हाला दोन गुराखी, एक मोळीवाली आणि पंचवीस-तीस गुरं भेटली. एका गुराख्यानं चालता चालता मेहुण्यांना चार तऱ्हेची गवतं दाखवली. कुठलं म्हशीला चालतं, कुठलं छपराला, कुठलं कशालाच चालत नाही. आमच्या मोज्यांत होतं ते शेवटच्या वर्गातलं. 'ओसाड' हा शब्द फार धोक्याचा. कागदावर एखादी जमीन ओसाड लिहिली, की तिथं कुंपण घालायला मन मोकळं होतं.

ते कुंपण दहा मिनिटांतच आलं.

पुस्तिका म्हणते : 'येथून पाऊलवाट डावीकडे वळते व राईत शिरते.' पाऊलवाट डावीकडं वळत होती, हे खरं. पण ती काटेरी तारेखालून वळत होती आणि पलीकडं लोखंडी फाटक होतं. फाटकाशी खाकी शर्ट घातलेला एक पन्नाशीचा गृहस्थ स्टुलावर बसला होता. "खाजगी हाय, सायेब."

आता मेहुण्यांना चेव आला. बँकेत त्यांनी आयुष्यभर शेतीकर्जाचे कागद तपासले होते. ते म्हणाले, "मामा, गावनकाशावर बघा. पायवाट तुटक एकेरी रेषेनं दाखवलेली असते, गाडीवाट तुटक दुहेरी रेषेनं. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर ती मोकळी करून द्यायचा अधिकार तहसीलदाराला आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६!"

मामांनी हे सगळं आदरानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या अर्जाला मुदत असती का वो?"

"असते ना. अडवल्यापासून सहा महिने."

"मग ऱ्हाऊ द्या. आठ वर्सं झाली." आणि जरा वेळानं, आमच्याकडं न बघता, "म्या याच वाटंनं साळंत जायाचो. आता पगार घेऊन तीच अडवतोय."

यावर काय बोलायचं ते आम्हाला सुचेना. मेहुण्यांच्या गळ्यातली शिट्टीही मला एकदम लहान दिसायला लागली. मामाच उठले आणि म्हणाले, "चला, वड्याच्या अंगानं घालवतो. मालक मुंबईला असत्यात."

ओढ्यातून दगडांवर उड्या मारत जाताना मला या सगळ्या पुस्तक-प्रकारातली मेख लक्षात आली. हा साहित्यप्रकार आपण विलायतेतून आणला. 'डावीकडे वळा, फाटक ओलांडा, राईत शिरा' ही वाक्यरचनाही तिकडचीच. पण तिकडं त्या वाक्याच्या खाली जमीन आहे. १९३२ साली इंग्लंडातल्या किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर गिरणीकामगार आणि भटके लोक घोळक्यानं शिरले, मालकांच्या राखणदारांशी त्यांची झटापट झाली, काहींना तुरुंगवास झाला. पुढं १९४९ साली कायदा होऊन पाऊलवाटांची मोजदाद करून त्या सरकारी नकाशावर पक्क्या करायचं ठरलं. 'डावीकडे वळा' असं तिथला लेखक लिहितो तेव्हा त्याच्या पाठीशी तो नकाशा असतो. आमच्या पुस्तिकेतलं 'डावीकडे वळा' हे एका मामांच्या चांगुलपणावर उभं आहे. आणि त्या मामांचा पुस्तिकेत उल्लेख नाही.

राईत शिरलो आणि एकदम अंधारलं. वर बघितलं तर आकाशाचे रुपयाएवढे तुकडे. अंजन, हिरडा, जांभूळ, आंबा ही झाडं आमच्या ओळखीची, पण ती इतकी मोठी असतात याची कल्पना नव्हती. गारंबीचा एक वेल या झाडावरून त्या झाडावर असा गेला होता, की दोरी म्हणून त्यानं हत्ती बांधावा. वर कुठंतरी शेकरू कडकडून ओरडलं आणि मेहुण्यांनी बाराही खिशांत दुर्बीण शोधली. तेराव्यात, म्हणजे गाडीत, राहिली होती.

पुस्तिकेत याला 'दाट वृक्षराजी' असं म्हटलंय. वृक्षराजी कसली! ही देवराई. आजूबाजूचे डोंगर कोळशापायी आणि सरपणापायी उघडे झाले तरी हा तुकडा राहिला तो देवीच्या नावावर. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या अशा देवरायांचा अभ्यास करून त्यांचं महत्त्व शहाण्या लोकांच्या नजरेला आणून दिलं. पण गावातल्या लोकांना कुणी निबंध वाचून दाखवलेला नव्हता. 'आईच्या रानातलं काही न्यायचं नाही' एवढं एक वाक्य त्यांना पुरलं होतं. हिरवी फांदी तर नाहीच, वाळकी काटकीसुद्धा नाही.

आणि आमची पुस्तिका काय म्हणते? 'येथे चहासाठी चूल मांडता येईल. वाळकी लाकडे भरपूर.'

इथवर मी लेखकाला बरंच माफ करत आलो होतो. या ओळीपाशी थांबलो. विशेषण चुकलं तर वाचकाचा रसभंग होतो. इथं जे चुकलं आहे, त्यानं दरवर्षी शंभर वाचक आले आणि प्रत्येकानं एक चूल मांडली, तर पिढ्यान्‌पिढ्या राखलेली राई पाच-दहा वर्षांत उजेडात येईल. वाईट कादंबरीनं एवढं नुकसान होत नाही. वाईट कादंबरी फार तर रद्दीत जाते.

हे मी मेहुण्यांना सांगतच होतो, तेवढ्यात मागून आवाज आला. "ठेव ती."

वळून बघितलं तर देवीच्या तांदळ्यापाशी एक आजीबाई दिवा लावून उभ्या होत्या. मेहुण्यांच्या हातात एक काठी होती. उतरणीला आधार म्हणून त्यांनी मघाशी उचललेली. "ठेव बाबा. आईची हाय ती."

"पण आजी, वाळकी आहे," मेहुणे म्हणाले.

"मंग? वाळली म्हून आईची न्हाई व्हय?"

"घेतली तर काय होतं?"

"व्हत काय न्हाई. घेत न्हाईत."

मेहुण्यांनी काठी होती तिथं नेऊन ठेवली. नुसती टाकली नाही. मुळात जशी आडवी होती तशी ठेवली आणि नकळत हात जोडले. शाखाधिकाऱ्याला इतका नम्र मी प्रथमच पाहत होतो. पुढं उतरताना ते दोनदा घसरले, पण तक्रार केली नाही.

आजींचं घर खालच्या अंगाला होतं. त्या आमच्या पुढं, अनवाणी, अशा चालत होत्या की आमच्या बुटांची आम्हाला लाज वाटावी. पाण्याच्या कडेला आल्यावर त्या खाली टेकल्या, आम्हीही टेकलो. समोर धरणाचं पाणी लांबच लांब पसरलेलं. मी पुस्तिका उघडली. 'समोर पसरलेला निसर्गरम्य तलाव पाहून मन मोहून जाते.' नववं 'निसर्गरम्य' आणि तिसरं 'मोहून'.

आजी पाण्याकडं बोट करून सांगायला लागल्या. "त्या तितं आंब्याचं खाचर. त्याच्या हिकडं वड्याचं. आन्‌ त्यो बगळा बसलाय न्हवं, त्याच्या अंगाला बामनाचं खाचर."

मला नुसतं पाणी दिसत होतं. "तुम्ही पाहिलंय ते?"

"म्या कुटनं? माजी आजेसासू दावायची. आता म्या सुनंला दावते."

"आणि बामणाचं खाचर का म्हणतात?"

आजींनी माझ्याकडं बघितलं. माझ्या चष्म्याकडं, एकूण चेहऱ्याकडं. "पुन्याला गहान पडलं व्हतं," त्या म्हणाल्या. रागानं नव्हे. जसं आंब्याचं खाचर म्हणाल्या तसंच.

तलाव हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही आला नाही. त्यांच्या भाषेत ते धरण होतं, आणि धरणाखाली शेतं होती. ही शेतं वाचवण्यासाठी १९२१ सालच्या रामनवमीला, १६ एप्रिलला, इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, म्हणून टाटा कंपनी मुळेवर धरण बांधत होती, आणि पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनींवर पाणी चढणार होतं. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव मिळालं ते या लढ्यात. लढा १९२४पर्यंत चालला आणि मोडला. इथल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडं गहाण होत्या. भरपाईचा आकडा पटल्यावर त्यांतल्या बऱ्याच मंडळींचा उत्साह ओसरला, हेही त्या इतिहासात आहे. १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर लिहिलेलं इंग्रजी पुस्तक २००९ साली प्रसिद्ध झालं. जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन असं त्यांनी त्याला म्हटलं आहे.

नदीचीही गंमत बघा. मुळा ही पुण्याची नदी. पुण्याला मुठेला भेटायची, भीमेला मिळायची, कृष्णेच्या हाताला धरून बंगालच्या उपसागरात जायची, असा तिचा पिढीजात रस्ता. धरणानं तिचं पाणी पश्चिमेला वळवलं. घाटाखाली भिऱ्याला ते कोसळतं, वीज करतं, आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला जातं. माझं बालपण मुंबईत गेलं. बाराखडी ज्या दिव्याखाली गिरवली त्यात आजींच्या आजेसासूच्या खाचरातलं किती पाणी होतं, याचा हिशेब मी तिथं बसल्या बसल्या करू लागलो आणि सोडून दिला. तो जमणारा नव्हता.

वाटांबद्दल मराठीत चांगलं लिहिणारे झालेच नाहीत असं नव्हे. गो. नी. दांडेकर गडांवर गेले ते तिथल्या माणसांच्या घोंगडीवर बसून आले. मारुती चितमपल्लींनी रानातल्या लोकांच्या तोंडचे शब्द एकेक करून वेचले. त्यांच्या पुस्तकांत वाट आहे आणि वाट पाडणारेही आहेत. आमच्या पुस्तिकेच्या चार पानांत माणूस एकच आहे : 'वाटेत स्थानिक लोक मदत करतात.' स्थानिक लोक! म्हणजे पारावरचे बाबा, फाटकावरचे मामा, राईतल्या आजी आणि कुसळं ओळखणारा गुराखी, सगळे त्या दोन शब्दांत कोंबले. निसर्गाला अकरा विशेषणं, आणि ज्यांनी तो राखला त्यांना एक सर्वनामही नाही.

परतीचा टप्पा थोडक्यात सांगतो. पुस्तिकेप्रमाणे फेरी 'पाण्याच्या कडेने' पूर्ण व्हायची होती. पण पाण्याच्या कडेला एकामागून एक भिंती होत्या, आणि भिंतींवर काचा. शेवटचे चार किलोमीटर आम्ही डांबरी रस्त्यानं काढले. मागून येणारी प्रत्येक गाडी हॉर्न देऊन आमचं कौतुक करत होती. अडीच तासांच्या सोप्या फेरीला साडेपाच तास लागले. पिंपळाखाली पोचलो तेव्हा बाबा तिथंच होते.

"आलात?"

"आलो."

"हितंच आलात न्हवं शेवटी?"

मी मान डोलावली. त्यांनी सरकून आम्हाला पारावर जागा दिली. सकाळी दिली होती तीच.

आता परीक्षणाचा समारोप. पुस्तिकेचा कागद चांगला, छपाई स्वच्छ, मुखपृष्ठावरचा सूर्यास्त देखणा. नकाशा आहे, पण त्यात कुंपण नाही. लेखकाची रानाबद्दलची हौस खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. हौसेशिवाय कुणी एवढ्या वेळा 'निसर्गरम्य' लिहीत नाही. दोष एकच, पण मुळातला : या पुस्तकालाच चकवा लागला आहे. ते कुठूनही निघालं तरी फिरून 'निसर्गरम्य'पाशीच येतं. माळावरून निघालं तरी तिथंच, राईतून निघालं तरी तिथंच, धरणावरून निघालं तरी तिथंच. वाचकालाही ते आपल्याबरोबर फिरवतं, आणि वाचकाला वाटतं आपण मुळशी पाहिली.

आमच्या आजीनं चकव्यावर उपायही सांगितला होता. चकवा लागला असं वाटलं, की चालत राहू नये. आहे तिथं खाली बसावं, उजाडू द्यावं, आणि आजूबाजूला कोण आहे ते नीट बघावं. वाट दिसते.

माझी प्रत मी पेन्सिलीनं दुरुस्त केली आहे. अकराही 'निसर्गरम्य' खोडले. एकाच्या जागी 'आंब्याचं खाचर' लिहिलं, एकाच्या जागी 'वड्याचं', आणि एकाच्या जागी, जरा थांबून, 'बामणाचं'. चुलीची ओळ पूर्ण काढली आणि समासात लिहिलं : 'घेत नाहीत.' नकाशावर फाटकाच्या आरपार एक तुटक एकेरी रेषा ओढली. ही प्रत लेखकाला टपालानं पाठवली आहे. दुसऱ्या आवृत्तीची मी वाट पाहतो आहे. मेहुणे तहसील कचेरीत गावनकाशाची नक्कल मागायला गेले आहेत. तिथंही त्यांना गोल फिरवतायत असं कालच कळलं.